काँटूचा बाप कुठे होता?

४ जानेवारी, रविवार, संध्याकाळ

हे एकदा लिहून टाकते, म्हणजे डोक्यातून जाईल. उद्यापासून विषय बंद.

आज टॉकीजमध्ये 'शाही साही' पाहिला. कार्टून, हिंदीत डब केलेलं. साही म्हणजे साळिंदर. मी कार्टून बघायला जाणारी बाई नाही. कारण गजेंद्र. मागच्या रविवारी तो आणि त्याची आई हिंगणघाटला आमच्या घरी येऊन मला बघून गेले. आता दोघांनी एकदा बाहेर भेटावं, असं मधुकररावांनी ठरवलं. मधुकरराव म्हणजे आईचे मामेभाऊ. स्थळ त्यांनीच आणलं. सोबत दादाची मुलगी काजल हवी, असं आईने ठरवलं. काजल दुसरीत आहे. म्हणून कार्टून.

गजेंद्र सिंदीचा. गुरांचा डॉक्टर, सरकारी दवाखान्यात. आईच्या शब्दांत, "ढोरायचा डॉक्टर हाय, पण लय गरीब पोरगा हाय." गरीब म्हणजे स्वभावाने. आईच्या मते हे जमलंच पाहिजे. माझ्या मते हरकत नाही. याआधी कुठल्याही स्थळाबद्दल मी इतकंही लिहिलेलं नाही. नवी ओढणी घेतली, कारण जुनीवर डाग होता.

तर सिनेमा. दुष्काळ. काँटू नावाच्या पिल्लाचा बाप पाणी शोधायला डोंगरापलीकडे जातो आणि परत येत नाही. तीन वर्षं जातात. पिल्लू एका भित्र्या बेडकाला घेऊन बापाला शोधायला निघतं. तरसांची राणी, गुहा, मारामारी, गाणी. सगळं संपल्यावर बाप टेकडीवर उभा. नुसता उभा! कुठून आला, तीन वर्षं कुठे होता, एक शब्द नाही. पिल्लू धावतं, मिठी मारतं, वाजंत्री, समाप्त.

अख्खं टॉकीज रडत होतं. काजल रडली. गजेंद्र रुमालाने डोळे पुसत होता आणि ते लपवतही नव्हता.

मध्ये लॅबमधून, म्हणजे माझ्या कामावरून, मशीन अडकल्याचा फोन आला, म्हणून मी थोडा वेळ बाहेर होते. कार्टूनमध्ये तेवढ्यात काय बिघडणार.

बाहेर पडल्यावर त्याने विचारलं, कसा वाटला. मी म्हटलं, बरा होता. याला संयम म्हणतात.

ठराव: गजेंद्रशी या सिनेमाबद्दल एक शब्दही बोलायचा नाही.

५ जानेवारी, सोमवार

बोलले. पण सुरुवात त्याची होती. काल रात्री त्याचा मेसेज: 'पोचल्या का घरी?' सकाळी मी उत्तर दिलं: 'हो. तीन वर्षांत काँटू जराही वाढला कसा नाही?'

त्याचं उत्तर: 'हा हा. खरंच की.'

'हा हा' हे उत्तर नाही. साळिंदराचं पिल्लू वर्षाच्या आत बापाएवढं होतं. तो जनावरांचा डॉक्टर आहे, हे त्याला माझ्याहून चांगलं माहीत असणार. तसं विचारलं. म्हणाला, 'माहीत आहे, पण मग शेवटी बापाने उचललं कसं असतं?'

म्हणजे बापाला उचलता यावं म्हणून पोराची वाढ थांबवायची. हे पटकथेचं काम आहे की कुपोषणाचं?

मी रागावलेले नाही. नोंद करते आहे.

७ जानेवारी, बुधवार

फोन त्याने केला. तब्येत, लॅब, थंडी झाली. मग त्याने विचारलं, "अजून काँटूवर राग हाय का जी?" थट्टेत. मी म्हटलं, राग नाही, आक्षेप आहेत. म्हणाला, सांगा.

सांगितले. दुष्काळात विहिरी आटल्या आहेत, पण दुसऱ्या गाण्यात सगळे धबधब्याखाली नाचतात. प्रवास महिनोनमहिने चालतो, पण रोज पौर्णिमा. राणीने कैद्यांना कोंडलेल्या गुहेची कडी आतून आहे, हे फक्त मला दिसलं. बेडूक मरतो आणि गाण्याने जिवंत होतो. मग तेच गाणं बाकीच्या मेलेल्यांना का नाही म्हणत? आणि शेवटची मिठी. साळिंदरं. दोन. काट्यांचं काय झालं?

तो हसत होता. मग म्हणाला, एकदा एका कुत्र्याच्या तोंडातून साळिंदराचे काटे काढावे लागले, अर्धा दिवस गेला. आणि साळिंदर काटे फेकून मारत नाही, लोक उगाच म्हणतात. "भ्यालं तरच उभे करते. भीती नाई वाटली तर काटे पडलेले राह्यतात, आपले केस राह्यतात तसे. मंग मिठी जमते."

मी विचारलं, याला संदर्भ काय. म्हणाला, संदर्भ नाही, पाहिलं आहे. याला पुरावा म्हणत नाहीत. पण आवाज चांगला आहे. हे फक्त निरीक्षण.

शेवटी मुख्य मुद्दा काढला: बाप कुठे होता? त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "बरोबर हाय तुमचं." बाकीचे मुद्देही मान्य केले. सगळे.

मी जिंकले. उद्यापासून दुसरे विषय काढायचे. त्याला पुस्तकं आवडतात का, वगैरे.

९ जानेवारी, शुक्रवार

दुसरे विषय काढले नाहीत. फोनवर धबधब्यावरून पुन्हा निघालं. आई स्वयंपाकघरातून ऐकत होती. फोन ठेवल्यावर म्हणाली, "नवरा पाह्यचा हाय का त्याची परीक्षा घ्याची हाय तुले?"

मी म्हटलं, चूक दाखवणं म्हणजे परीक्षा नव्हे.

बाबा म्हणाले, "काऊन डोकं लावतं त्या कार्टुनात? लेकरायचं हाय ते."

हेच! लेकरांचं आहे म्हणून काहीही चालतं. कापसाच्या जिनिंगच्या लॅबमध्ये मी दिवसभर रुईच्या धाग्याची लांबी मोजते. लांबी कमी निघाली तर माल परत येतो. धागा आखूड आहे पण मनाला भिडतो, असं आजवर एकाही गिऱ्हाइकाने म्हटलेलं नाही. इथे कोट्यवधी खर्चून बाप नुसता टेकडीवर उभा करतात आणि शिकलेसवरलेले लोक रुमाल काढतात.

आईने बातमी दिली: परवा केळझरला जायचं, गणपतीला. दोन्ही घरं. गजेंद्रच्या आईला, लीलाबाईंना, माझ्याशी नीट बोलायचं आहे. आई म्हणाली, त्यांना तू आवडली आहेस, आता फक्त तोंड सांभाळ.

मी कधी सांभाळलं नाही?

ठराव: केळझरला सिनेमा नाही. काहीही झालं तरी नाही.

११ जानेवारी, रविवार, दुपारनंतर

दिवस चांगला गेला. एकूण.

मंडळी हळू चालत होती, म्हणून आम्ही दोघं पुढे. वर पोचायच्या आधी तो पायऱ्यांवर टेकला. खाली कापसाची शेतं, वेचणी चाललेली. मी विषय काढला नाही. त्यानेच काढला. म्हणाला, तुम्ही विचारलं होतं, बाप कुठे होता, त्यावर मी विचार करत होतो.

मग सांगितलं, त्याचे बाबा गेले तेव्हा तो तिसरीत होता. मोटारसायकलवर हिंगणघाटला म्हणून निघाले होते. वाटेत अपघात. "सगळे सांगत, आता नाई येणार. पण संध्याकाळी फाटक वाजलं का मी धावत जात होतो. कधी दूधवाला राह्ये, कधी वारा. लय वर्षं चाललं ते. म्हणून तो टेकडीवर दिसला नं, तर मले विचाराचं सुचलंच नाई का कुठून आला म्हणून."

त्याने हे सहज सांगितलं. पाण्याची बाटली हातात फिरवत होता.

मी म्हटलं, तुम्हाला सुचलं नाही हे समजतं, पण ते पटकथाकाराला सुचायला हवं होतं.

वाजवी मुद्दा. तो म्हणाला, "हो." मग आम्ही वर गेलो.

जेवण खालीच, झाडाखाली. आईने डबे आणले होते, भाकरी, झुणका. लीलाबाईंनी माझ्या ताटात स्वतःच्या हाताने लोणचं वाढलं. शांत बाई. म्हणाल्या, "गजूनं मलेबी नेलं तो सिनेमा पाहाले. मी त लय रडली बाई. तुले आवडला का नाई?"

थेट प्रश्न. खोटं बोलणं माझ्या स्वभावात नाही. शांतपणे मांडलं, आवाज न चढवता: गेलेला माणूस काही कारण न देता परत येतो, हे मुलांना दाखवणं चूक आहे. कोणी असा परत येत नाही. मुलं मग उगाच वाट बघत बसतात.

काजल मध्येच काहीतरी बोलायला लागली, तिला आईने भाकरी दिली.

लीलाबाई म्हणाल्या, "हो बाई. नाई येत कोणी."

सहमत. कोणाचाही विरोध नाही. त्यानंतर जेवण लवकर आटोपलं, कारण त्यांना गाडी गाठायची होती.

घरी येताना आई पूर्ण रस्ता बोलली नाही. ऊन लागलं असावं.

१२ जानेवारी, सोमवार

काजल जमिनीवर बसून चित्र काढत होती. टेकडी, सूर्य, दोन साळिंदरं. मोठ्याचा एक पाय आखूड आणि त्याला काहीतरी गुंडाळलेलं. मी विचारलं, हा लंगडा का?

म्हणाली, "त्याचा पाय शिकाऱ्याच्या फासात अडकला नं, आत्या."

कुठल्या फासात?

"डोंगराच्या तिकडे. मंग त्या म्हाताऱ्या कासवानं त्याले आपल्या घरी ठेवलं. त्याले चालताच येत नव्हतं. रोज एक एक पाऊल चालाले शिके. लय दिवस."

हे कधी दाखवलं?

"तू भाईर गेलती नं फोनवर, तवा. काकानं तुझे पॉपकॉर्न धरले होते." मग वर बघून: "मी काल सांगत होती, त आजीनं भाकर देली."

बसले.

म्हणजे बाप कुठे होता ते सिनेमात आहे. व्यवस्थित, पूर्ण, कारणासकट. माझ्या मागे.

आणि गजेंद्रने तो भाग पाहिला होता. लीलाबाईंनीही. बुधवारी फोनवर त्याला सगळं माहीत होतं आणि तरी तो म्हणाला, "बरोबर हाय तुमचं." काल झाडाखाली तो माझ्या समोर बसला होता आणि त्याने एक शब्द काढला नाही.

आता मात्र मी रागावले आहे. पहिल्यांदाच. हे सरळ सरळ चुकीचं रिडिंग देणं आहे. लॅबमध्ये असं केलं तर माणूस घरी बसतो.

१३ जानेवारी, मंगळवार

जेवणाच्या सुट्टीत लॅबच्या मागे जाऊन फोन केला. ठरवलं होतं, थंडपणे, क्रमाने, आरोप न करता.

विचारलं, तुम्ही खोटं का बोललात?

मागे म्हैस ओरडत होती. तो म्हणाला, एक मिनिट, आणि कोणाला तरी "धरून ठेवजो" म्हणाला. मग म्हणाला, "सांगणार होतो. पण तुम्ही एवढ्या रागात होत्या..."

मी म्हटलं, मी रागात नव्हते.

"बरं."

बरं म्हणजे काय? तुम्ही माझे सगळे मुद्दे मान्य केले होते. आता सांगा, त्यातले किती मनापासून मान्य होते?

म्हणाला, "खरं सांगू? एकबी नाई जी. मले सिनेमा आवडला."

म्हणजे संपूर्ण चर्चाच बाद. मी तसं म्हटलं. त्याने वाद घातला नाही. त्याला वाद घालता येत नाही, हाच तर प्रॉब्लेम आहे. मग म्हणाला, केळझरहून आल्यावर आई संध्याकाळी जेवली नाही.

मी लगेच म्हटलं, मग त्यांना सांगा की बाप कुठे होता हे सिनेमात दाखवलेलं आहे. माझी माहिती अपुरी होती, त्यामुळे माझं विधान मी मागे घेते.

तो म्हणाला, "आई उपाशी राह्यली ते सिनेमाबद्दल नाई."

मग कशाबद्दल, असं मी विचारलं. तो म्हणाला, म्हैस अडली आहे, ठेवतो.

आत आल्यावर लेखी मेसेज पाठवला, म्हणजे गैरसमज नको: 'बापाबद्दलचा आक्षेप मागे घेत आहे. बाकीचे कायम.'

उत्तरात जोडलेले हात. नुसतं चित्र.

माझ्याकडून चूक दुरुस्त झाली. प्रकरण मिटलं. बरं वाटतंय. जेवण गेलं नाही, पण डबा तसाही थंड होता.

१४ जानेवारी, बुधवार. संक्रांत.

मधुकरराव तिळगूळ घेऊन आले. चहा घेतला, काजलच्या हातावर लाडू ठेवला, मग आईकडे न बघता म्हणाले, "लीलाबाईचा फोन आलता. पोरगी हुशार हाय म्हणे. कळवतो म्हणे."

आईने हातातलं ताट ओट्यावर ठेवलं. बाबा उठून अंगणात गेले.

मला वातावरण कळलं नाही. त्यांनी नाही म्हटलेलं नाही. हुशार म्हटलं आहे. आणि कळवतो म्हटलं आहे. कळवतो याचा अर्थ निर्णय झालेला नाही आणि झाल्यावर कळवण्यात येईल. मी आईला तसं समजावून सांगितलं. विचारलं, कधी कळवतो म्हणाले?

आई म्हणाली, "तू एवढी शिकली कायले?"

प्रश्नाला प्रश्न. या घरात कोणी सरळ उत्तर देत नाही.

बाबांना अंगणात जाऊन विचारलं. ते म्हणाले, "कळवतो म्हणाले नं? मंग कळवतीन." आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. बाबा असं सहसा करत नाहीत.

तर निकाल प्रलंबित. नमुना पाठवला आहे, रिपोर्ट यायचा आहे. यात रडण्यासारखं काय आहे? आई उगाच डोळ्याला पदर लावते.

१९ जानेवारी, सोमवार

कळवलं नाही. सीझन आहे, गुरांचेही आजार असतातच या दिवसांत.

मी वाट बघत नाही. फोन जवळ ठेवते, कारण लॅबचे फोन येतात.

आज लॅबमध्ये एकाच गाठीतल्या रुईचं रिडिंग दोनदा वेगळं आलं. मशीन तपासलं. मशीन ठीक होतं. नमुना मीच चुकीचा घेतला होता. होतं असं.

२५ जानेवारी, रविवार

काजलला पुन्हा तो सिनेमा बघायचा होता. मी नेलं. काजलसाठी. आणि अपुरी माहिती पुरी करण्यासाठी.

फोन बंद ठेवला. जागेवरून उठले नाही.

कासवाचा भाग आला. बरा आहे. बाप रोज संध्याकाळी बिळाच्या तोंडाशी येऊन डोंगराकडे बघतो, लंगडत. आत कासव जेवायला हाक मारतं, तो जात नाही. हे कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

दुष्काळातला धबधबा मात्र आजही चूकच आहे. पौर्णिमाही. गुहेची कडी पुन्हा नीट पाहिली: आतूनच.

बाहेर आल्यावर काजल म्हणाली, "आत्या, तुझं नाक लाल झालं." मी म्हटलं, एसी. ती म्हणाली, एसी बंद होता. हिच्यात कोणाचे गुण उतरले आहेत कळत नाही.

त्याला मेसेज लिहिला: 'सिनेमा परत पाहिला. कासव पाहिलं.' पाठवला नाही. त्यांनी कळवायचं आहे. क्रम पाळला पाहिजे.

३० जानेवारी, शुक्रवार

मेसेज आज पाठवला. त्याने पाहिला. उत्तर नाही. दवाखान्यात गर्दी असणार.

नवीन ठराव: कळवेपर्यंत मेसेज नाही.

१ फेब्रुवारी, रविवार

सकाळी मधुकररावांचा फोन. नवीन स्थळ. मुलगा सेलूचा, स्वतःचं कृषी केंद्र, नाव धनंजय. फोटो पाठवला होता. आईने मोबाईल माझ्यासमोर धरला. पाहिला. चेहऱ्यात काही वाईट नव्हतं. मोटारसायकलला टेकून उभा होता.

आईने फोनवर हात ठेवून विचारलं, "काय सांगू त्यायले? थांबून राह्यले ते."

मी पीठ मळत होते. नकार द्यायला कारण नव्हतं आणि होकार द्यायचा नव्हता. उगाच कोणाला दुखवायचं कशाला. म्हटलं, कळवतो म्हणून सांग.

आईने फोनवरचा हात काढला. मग फोन कानाला लावून म्हणाली, "भाऊ, कळवतो आमी."

मधुकरराव "बरं" म्हणाले आणि फोन ठेवून दिला. कधी कळवता, हे त्यांनी विचारलं नाही.